आटून झालेलं कापड

मांडीवर घ्यायची गोधडी शिवायला बसलेल्या बाईला कुणी ना कुणी हमखास सांगतं, की लोकर आणि सूत एकत्र शिवू नये. कारणंही तयार असतात. लोकर आटते, सूत तेवढं आटत नाही. लोकरीला कसर लागते, सुताला लागत नाही. सूत रगडून धुवायचं, लोकर हलक्या हातानं. हे ऐकून ती घोंगडीचा तुकडा बाजूला ठेवते आणि पातळावर पातळ अंथरून थर रचते. या सल्ल्यातली निरीक्षणं बहुतेक बरोबर आहेत, निष्कर्ष तेवढा चुकला आहे, असं माझं म्हणणं आहे. दोन कापडांचं जमेल की नाही हे त्यांच्या धाग्याच्या जातीवरून ठरत नाही. त्यांचं आटणं, रंग सोडणं, खळ टाकणं किती उरलं आहे यावरून ठरतं. चांगली वापरलेली लोकर आणि चांगलं वापरलेलं सूत शेजारी शेजारी सुखानं नांदतात. नवं सूत आणि जुनं सूत मात्र एकाच बोंडाची असली तरी पहिल्या धुण्यातच एकमेकांना ओढू लागतात.

हा वाद पाथरीसारख्या गावी मांडून बघण्यात अर्थ आहे, कारण दोन्ही धागे तिथे एकाच शिवारातले आहेत. परभणी जिल्ह्याचा हा तालुका गोदावरीकाठचा, काळ्या कसदार जमिनीचा. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं ऊस आणला, तरी कापूस गेला नाही. शेजारचं मानवत तर कापसाच्या बाजारासाठीच ओळखलं जातं. वेचणी उरकली की पऱ्हाट्यांच्या रानात मेंढरं शिरतात, आणि खतासाठी धनगरांचे कळप शेतात बसवायची रीतही मराठवाड्यात जुनीच आहे. म्हणजे सूत जिथे पिकतं तिथेच लोकर चरते. इथली थंडीही अशी, की तिला दोन्ही लागतात. उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडणाऱ्या या भागात डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडी होतो, पण हिमालयातल्यासारखा मुक्काम ठोकत नाही. पहाटे हुडहुडी भरते आणि दहा वाजेपर्यंत ओसरीवर ऊन तापतं. अशा हवेत अंगभर जड रजई म्हणजे अर्धा दिवस ओझं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सकाळी बसल्या जागी मांडीवर घेता येईल, पायांभोवती खोचता येईल आणि ऊन आलं की घडी करून बाजूला ठेवता येईल असं काहीतरी हवं असतं. चौघडीची ऊब त्याला कमी पडते आणि घोंगडी टोचते. मांडीवरच्या गोधडीची गरज नेमकी या फटीत आहे.

पाथरीचं नाव आलं की आणखी एक मोह होतो, तो आधीच बाजूला सारलेला बरा. अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ घराणं पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचं, असं फिरिश्ता सांगतो; त्या वडिलार्जित नात्यापोटीच बुऱ्हाण निजामशहानं १५१८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीकडून हे गाव घेतलं. साईबाबांचा जन्म पाथरीचा की नाही, यावरून जानेवारी २०२० मध्ये शिर्डीनं बंद पाळला. एवढा ऐवज हाताशी असताना ‘गोधडी म्हणजे आमची मिळूनमिसळून राहणारी संस्कृती’ असं लिहून मोकळं होणं फार सोपं आहे. सभांमधून ते होतही असतं. पण गोधडीत काहीही काहीशीही जोडलं तरी चालतं, असं वाटण्यातून हे रूपक आलेलं आहे, आणि गोधडी शिवणारी कुठलीही बाई त्याला हसेल. तुकडे निवडताना ती फार कडक असते. कोणतं पातळ रंग सोडतं, कोणत्या धोतरात जीव उरलेला नाही, कोणतं लुगडं अजून आटायचं आहे, हे ती चिमटीत धरून सांगते. तिच्या या कडकपणाचा नियम काय, हे शोधणं मला रूपकापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

लोकर आणि सूत एकत्र येऊच शकत नाहीत, हे म्हणणं इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. दोन भिन्न धागे एकत्र विणणं हे तर मराठवाड्याचंच वैभव आहे. औरंगाबादच्या हिमरूत उभे धागे सुताचे आणि आडवे रेशमाचे असतात. मशरूत रेशमाची झळाळी वर आणि सूत अंगाच्या बाजूला, अशी विभागणी असते. रेशीम कातडीला लागू नये हे धर्माचं बंधन आणि नेसताना ऊन सोसावं ही हवेची गरज, दोन्ही त्यातून साधतात. इंग्लंडमध्ये १८९०च्या दशकात ‘वियेला’ नावाचं कापड निघालं, त्यात साधारण पंचावन्न टक्के लोकर आणि पंचेचाळीस टक्के सूत कातण्यातच मिसळलेलं असे. सदरे आणि रात्रीचे कपडे त्याचे शिवले जात, ते धुतले जात, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकले. यावर कुणी म्हणेल, की विणण्यात एकत्र करणं वेगळं आणि शिवण्यात वेगळं. विणलेल्या कापडात दोन्ही धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की आटले तर मिळूनच आटतात. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळेच प्रश्न धाग्याकडून आटण्याकडे वळतो.

या बाबतीत बायबलमधले दोन नियम शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मोशेच्या नियमशास्त्रात लोकर आणि अळशीच्या धाग्याचं कापड एकत्र करून अंगावर घालायला मनाई आहे. गंमत म्हणजे त्याच परंपरेत याजकाच्या कमरपट्ट्यात हे दोन्ही धागे एकत्र येतात. म्हणजे ती मनाई कापडाच्या स्वभावाची नव्हे, पावित्र्याच्या विभागणीची आहे. शुभवर्तमानात दुसरा एक दाखला येतो: न आटलेल्या नव्या कापडाचं ठिगळ जुन्या वस्त्राला कुणी लावत नाही, कारण ते ओढून घेतं आणि भोक वाढतं. हा दाखला धर्मोपदेशासाठी दिलेला असला तरी तो ज्या अनुभवातून उचललेला आहे, तो शिवणाऱ्या हातांचा आहे. त्यात धाग्याची जात विचारलेलीच नाही. फक्त नवं आणि जुनं विचारलं आहे. पाथरीच्या आळीतली बाई हाच नियम पाळते, आणि तिला तो कुठल्या ग्रंथातून घ्यावा लागत नाही.

गोधडी जुन्या कापडाची का, याचं ठरीव उत्तर गरिबी असं दिलं जातं. गरिबी होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीवर बांधलेली वाकळ शोभेसाठी शिवलेली नसते. तरी हे उत्तर अपुरं आहे. नवं मांजरपाट मागावर ताणून विणलेलं असतं. पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ मापावर येतं. पहिल्या काही धुण्यांत हे घडतं, मग थांबतं. नेसून नेसून विरत आलेल्या लुगड्याचं हे सगळं कधीच उरकलेलं असतं. त्याची खळ गेली, कच्चा रंग गेला, आटायचं ते आटलं, आणि सुताचा पीळ सैल पडून ते मऊ झालं. म्हणजे गोधडीत जुनं कापड घेणं ही काटकसर जितकी, तितकीच ती कारागिरीची अट आहे. घोंगडीचंही तसंच. सनगराच्या मागावर विणताना दख्खनी मेंढीच्या लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी हाताला पत्र्यासारखी कडक लागते. पावसात भिजून, उन्हात वाळून, शेताच्या बांधावर अंथरून तिची खळ जाते, तिचे तंतू एकमेकांत घट्ट बसतात, ती आखूड आणि दाट होते. दहा पावसाळे पाहिलेल्या घोंगडीच्या तुकड्यात आटण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. असा तुकडा आणि असं लुगडं एकत्र शिवलं तर ओढाताण करायला दोघांपैकी कुणाकडेच बळ नसतं.

जाणकार इथे हरकत घेतील. सुताचं आटणं एकदाचं संपतं, लोकरीचं संपत नाही, असं ते म्हणतील. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. कोमट पाणी, साबण आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. म्हणून चांगला स्वेटर एका चुकलेल्या धुण्यात बाहुलीच्या मापाचा होतो. हे खरं आहे, पण ते मेरिनोसारख्या बारीक लोकरीला जितकं लागू पडतं तितकं दख्खनी मेंढीच्या भरड, केसाळ लोकरीला पडत नाही. तंतू जाड असले की ते तितक्या सहजपणे गुंतत नाहीत. शिवाय गोधडीतला लोकरीचा थर दोन सुती थरांमध्ये टाक्यांनी जखडलेला असतो, त्यामुळे त्याला स्वतःवर घासायला वाव कमी मिळतो. मग उरतो तो धोका धुण्याच्या रीतीचा, आणि तिथे मात्र विरोधकांचं म्हणणं मान्य करावं लागतं: जिच्यात लोकर आहे ती गोधडी धोबीघाटावर आपटून चालणार नाही, सोड्यात उकळून चालणार नाही, आणि कपडे पांढरे करायचं द्रावण तर तिला अजिबात लागता कामा नये, कारण ते लोकर विरघळवतं.

धुण्याचा हा पेच आपल्या जुन्या घरांनी वेगळ्याच वाटेनं सोडवलेला दिसतो. सोवळ्यात सुती वस्त्र रोज धुऊन, कुणाचा स्पर्श न होता वाळवावं लागे. धाबळीला मात्र ती सूट होती, लोकर न धुताही सोवळी मानली जाई. या नियमामागचं शास्त्र शास्त्रीबुवांनी सांगावं. माझा तर्क एवढाच, की ज्या वस्तूला धुण्यानं इजा होते तिला धुण्यातून मोकळं करणं ही व्यवहाराचीही सोय होती. लोकरीवर धूळ वरवर बसते, झटकली की जाते, आणि वाऱ्यावर टाकली की घामाचा वास उडतो. मांडीवरच्या गोधडीला हीच सूट द्यायची असेल तर तिला पातळाची खोळ शिवावी. खोळ काढून रोजच्या कपड्यांत धुवावी आणि आतला लोकरीचा भाग वर्षातून एक-दोनदा गार पाण्यात रिठ्यानं खंगाळावा, पिळू नये. सोवळ्याच्या हिशेबात लोकर आणि सूत ही दोन वेगळी खाती होती. गोधडीतही ती वेगळीच ठेवायची, फक्त एकमेकांना लागून.

कसरीचा आक्षेप पाथरीत तरी मला फारसा भारी वाटत नाही. कसरीची अळी लोकर खाते, हे खरं. पण तिला अंधार, दमट हवा आणि महिनोन्‌महिने न हललेली घडी आवडते. ट्रंकेच्या तळाशी गेलेली शाल म्हणून खाल्ली जाते. रोज सकाळी उलगडली जाणारी गोधडी तिच्या सोयीची नाही. आणि उन्हाळ्यात तिला ट्रंकेत घालण्याआधी माळवदावर वैशाखाचं ऊन दाखवावं. सावलीत बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना धाब्यावरच्या मातीचा तवा होतो, आणि तिथे दोन-तीन दुपारी काढल्यावर अळी आणि अंडी टिकणं अवघड असतं. मग कडुलिंबाचा पाला घालून घडी करावी. इंग्लंडच्या ओल्या हवेत लिहिलेली लोकरीविषयीची भीती मराठवाड्यात जशीच्या तशी आयात करायची गरज नाही.

आता जुळणीच्या कामाकडे. दख्खनी लोकर टोचते, हा अनुभव सार्वत्रिक आहे, आणि त्याचं कारण मोजता येतं: तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचं टोक कातडीवर वाकत नाही, रुततं. म्हणून कातडीच्या बाजूला सूतच हवं, आणि तेही विरलेलं. लोकर मधे. तिचं तिथलं काम नुसतं हवा धरून ठेवण्याचं नसतं. हवेतली ओल सूतही पितं, पण आपल्या वजनाच्या साधारण आठ टक्के. लोकर चौदा ते सोळा टक्के पिते, आणि पिताना थोडी उष्णताही सोडते. पहाटे दव पडलेलं असताना नुसती सुती गोधडी गार, सादळलेली का लागते आणि लोकरीच्या थराची का लागत नाही, याचं उत्तर इथे आहे. आणखी एक फायदा कुणी सहसा सांगत नाही. म्हातारी माणसं शेकोटीजवळ सरकून बसतात आणि ठिणगी उडते. सूत पेट घेतं, धुमसत राहतं. लोकर करपते आणि सहसा आपली आपण विझते. मांडीवरच्या वस्तूच्या बाबतीत हा फरक लहान नाही. त्यासाठी काही तुकडे वरच्या, म्हणजे आगीकडच्या बाजूलाही लोकरीचे घ्यावेत, नक्षीसाठी नव्हे, याच कारणासाठी. लोकर आणि सूत एकाच पृष्ठावर जोडताना लोकरीची शिवण दुप्पट रुंद ठेवावी, कारण तिचे धागे कडेनं निसटतात. चार कोपरे एकत्र येतात तिथे लोकरीचा एकच थर राहील असं पाहावं, नाहीतर दाभणाशिवाय सुई जात नाही. आपली नेहमीची रीत कडेपासून आत शिवत जायची आहे. नुसत्या सुतात ती चालते. लोकर मात्र हाताखाली ताणली जाते, आणि कडा आधी बांधल्या की सगळा झोल मधोमध जमून फुगा येतो. म्हणून आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून थर जागीच धरावेत, मग मधून बाहेर धावदोरा घालत जावं, आणि दोरा कधीही घट्ट ओढू नये. टाका किंचित सैल असला की लोकरीला श्वास घ्यायला जागा मिळते आणि सुताला चुण्या पडत नाहीत. दोरा सुतीच हवा. नायलॉनचा दोरा जुन्या कापडापेक्षा बळकट असतो आणि तेच त्याचं वाईट आहे, तो तुटत नाही, कापड कापतो.

खरी अडचण या जोडीच्या बाहेरून आली आहे. ज्या घरात आज गोधडी शिवायला घ्यावी, तिथल्या गाठोड्यात सुती लुगडं मिळणं कठीण; निघतात त्या पॉलिएस्टरच्या साड्या. आणि ‘लोकरीचा’ म्हणून जपून ठेवलेला स्वेटर बहुतेक वेळा काश्मिलॉनचा, म्हणजे ॲक्रिलिकचा असतो. म्हणजे लोकर-सुताची गोधडी शिवल्याचं समाधान आणि प्रत्यक्षात दोन्हीही नाहीत, असं होऊ शकतं. हे धागे आटत नाहीत, रंग सोडत नाहीत, माझ्या नियमानं तर ते आदर्श ठरावेत! इथे तो नियम अपुरा पडतो, हे कबूल करायला हवं. जे कापड पहिल्या दिवसापासून जुन्यासारखंच वागतं ते पुढेही काहीच होत नाही. ओल पीत नाही, मऊ पडत नाही, थरावरून थर घसरतो आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. तेव्हा आधी धागा ओळखावा. कडेचा एक धागा काढून, पाणी जवळ ठेवून, चिमट्यात धरून पेटवावा. जळत्या केसांचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. कागदासारखा जळून हलकी करडी राख राहिली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर तो तुकडा पायपुसण्याला.

एवढा खटाटोप कशासाठी, बाजारात ब्लँकेट मिळतंच की, असा शेवटचा आणि सगळ्यात व्यवहारी आक्षेप. मिळतं, आणि त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण थंडीत वाटलं जाणारं ते राखाडी ब्लँकेट बहुधा पानिपतचं असतं, जगभरातले टाकलेले लोकरी कपडे फाडून, पिंजून, पुन्हा कातून केलेलं. म्हणजे जुन्या लोकरीवरचा विश्वास तिथेही आहेच. फक्त परदेशातून जुनी लोकर आणून ती कातली जाते आणि इकडे दख्खनी मेंढीची लोकर गिऱ्हाईक नाही म्हणून माळावर टाकली जाते. कातरणीची मजुरी लोकरीतून निघत नाही, असं धनगर सांगतात. याच लोकरीवरच्या ‘देसी ऊन’ या छोट्या ॲनिमेशनपटाला २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आनेसीच्या महोत्सवात पारितोषिक मिळालं, तरी मराठवाड्याच्या बाजारात तिला भाव आला असं झालं नाही. कापसाची तऱ्हा थोडी वेगळी. परभणीच्या कृषी विद्यापीठानं देशी कापसाच्या वाणांवर काम चालू ठेवलं आहे, पण २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाल्यानंतर शेतं जवळजवळ सगळीच संकरित वाणांकडे गेली. गादी-गोधडीला सोसणारा आखूड धाग्याचा गावरानी कापूस शोधावा लागतो.

तेव्हा जुन्या घोंगड्यांचे तुकडे संपत जाणार, हे धरूनच चाललं पाहिजे. पुढची गोधडी नव्या लोकरीची शिवावी लागेल, आणि नवी लोकर जुन्या सुताशी जोडायची नाही हा नियम तर आपण मान्य केला आहे. मग नव्याला आधी जुनं करून घ्यावं लागतं. सनगराकडून घोंगडी आणावी, रात्रभर पाण्यात बुडवून चिंचोक्याची खळ सोडवावी, दुसऱ्या दिवशी रिठ्याच्या कोमट पाण्यात घालून पायांनी तुडवावी, गार पाण्यात काढावी, न पिळता सपाट अंथरून वाळवावी आणि कडेला दोन गाठी मारून माप घ्यावं. पुन्हा भिजवावी, पुन्हा मापावी. दोन मापं सारखी आली की कात्री लावावी, त्याआधी नाही. मांजरपाटाचं अस्तर घ्यायचं असेल तर त्यालाही हेच, फक्त त्याला गरम पाणी चालतं आणि दोन-तीन वेळा पुरतात. लोकरीला किती वेळा लागेल हे मेंढीवर, विणीवर आणि तुडवणाऱ्या पायांवर आहे.